आधी विचार, गाडी तापली कुठे?

काल रात्री तुझा फोन आला. "मामा, कस्टमरची गाडी तापतेय, पंखा लागत नाही, नवी मोटर टाकू का?" एका दमात बोललास. मी विचारलं, "तापली कुठे?" तू म्हणालास, "कुठे म्हणजे? इंजिनात!" मी रस्ता विचारत होतो. कळंबोली सर्कलच्या गर्दीत उभी असताना तापली, एक्स्प्रेस-वेवर पळताना तापली, की घाटात? तू कस्टमरला ते विचारलंच नव्हतंस. आणि ते विचारल्याशिवाय आपण बोनेटला हात लावत नाही, हे मी तुला आधीच शिकवायला हवं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझं गॅरेजला येणं कमी झालंय, किल्ल्या आता तुझ्याकडे आहेत, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. तेलकट हाताने पान उलटलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आपलं गॅरेज कळंबोलीत आहे, आणि ही जागाच निम्मं निदान करून देते. मुंबईकडून सायन-पनवेल रस्ता येतो, उत्तरेकडून मुंब्रा-तळोजाचा, समोर जेएनपीटीकडे जाणारा, आणि इथूनच पुण्याचा एक्स्प्रेस-वे सुटतो. लोखंड बाजारात जाणारे ट्रेलर आणि बंदराकडे जाणारे कंटेनर, सगळे त्याच सर्कलला येऊन अडकतात. मे महिन्याची दुपार, पुढे कॉईल लादलेला ट्रेलर, बाजूला डंपर, आणि मधे एसी लावून उभी असलेली कार. तिथे तापलेली गाडी आणि एक्स्प्रेस-वेवर शेडुंगच्या पुढे शंभरच्या वेगाने पळताना तापलेली गाडी, या दोघींचं दुखणं वेगळं असतं.

कारण साधं आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरच्या जाळीतून आरपार जातो. पंख्याचं तेव्हा काही काम नसतं. बंद पडला असला तरी तापमानाचा काटा मधेच राहतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि इंजिन मात्र पेटतंच असतं. तेव्हा सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून पुण्याहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आरामात आलेली गाडी एक्स्प्रेस-वे उतरून आपल्या सर्कलला दहा मिनिटं उभी राहिली आणि उकळली, तर नव्वद टक्के पंख्याची लाईन बघ. उलट सर्कलला तासभर शांत उभी राहिली आणि सपाटीवर वेग धरल्यावर काटा चढला, तर पंखा निर्दोष आहे. तिथे पाणी कमी असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल, वॉटर पंप गेला असेल किंवा थर्मोस्टॅट वॉल अडकला असेल. आणि सकाळी थंड गाडी चालू करून पाच मिनिटांत, रोडपाली सुटायच्या आत काटा वर गेला, तर पंख्याची पाळी आलेलीच नसते. वॉल बंदच राहतोय, किंवा हेड गॅस्केट उडालंय. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का बघ.

दुसरा प्रश्न विचारायचा तो एसीचा. "सिग्नलला उभं असताना एसी गार लागतो का?" बायकामुलं मागे बसलेली असतील तर त्यांना विचार, त्यांना जास्त नीट आठवतं. उभ्या गाडीत एसीची हवा कोमट होते आणि गाडी हलली की पुन्हा गार होते, हे पंखा दमल्याचं सगळ्यात पहिलं लक्षण. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर बसवलेला असतो, त्यालाही तोच वारा लागतो. इंजिन तापायच्या कित्येक दिवस आधी एसी ही खबर देतो. लोक गॅस भरून घेतात आणि परत जातात. गॅस भरायला आलेल्या प्रत्येक गाडीचा पंखा आधी बघायचा, हा आपल्या गॅरेजचा नियम ठेव.

घाटाचं उत्तर मात्र सरळ येत नाही. कळंबोली जवळजवळ खाडीच्या पातळीला आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. खालापूरचा टोल सोडला की काही किलोमीटरमध्ये ती सगळी उंची चढायची. शनिवारी सकाळी आडोशी बोगद्यापासून रांग लागली की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते. इंजिनावर जोर पूर्ण, आणि समोरून वारा नाही. तिथे थोडं कमी पाणी, थोडा मळलेला रेडिएटर आणि थोडा मंद पंखा, असे तिघे मिळून गाडी उकळवतात. घाटात तापलेल्या गाडीची एकच चूक सापडली म्हणून थांबू नकोस.

मी शिकलो ते मुंबईत, उस्तादांच्या हाताखाली, पद्मिनी टॅक्सींवर. त्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, म्हणून काटा चढला की उस्ताद सांगायचे, न्यूट्रल कर आणि रेस दे. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्यात. ड्रायव्हर देवाला नाणं टाकायचा, गाडी गार होईपर्यंत बिडी ओढायचा आणि मग निघायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं, पट्टा पंख्यापर्यंत पोचायला जागाच नाही, म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये पासिंग झाली, आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. पण "रेस दे" हा सल्ला अजून रस्त्यावर फिरतोय. विजेच्या पंख्याला रेस दिल्याने काही फरक पडत नाही. पाण्याचा पंप थोडा जोरात फिरतो एवढंच, आणि आग मात्र वाढते. उस्तादांचं बोलणं मी देवासारखं मानतो, तरी हा मंत्र त्या गाडीबरोबरच संपला. कस्टमरलाही सांगत जा.

आता बोनेट उघड. पंख्याकडे बघायच्या आधी पाणी बघ.

हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण यात चांगले चांगले वायरमन फसतात. पंखा कधी लागायचा हे ठरवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असावा लागतो. पाणी कमी झालं किंवा आत हवा अडकली, की सेन्सर कोरडा पडतो. इंजिन आत भाजत असतं आणि सेन्सरला वाटतं अजून थंडच आहे. पंखा लागत नाही, काटाही खाली राहतो, आणि माणूस मोटर बदलत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का ते डोळ्यांनी बघ. नुसत्या बाटलीवर विश्वास ठेवू नकोस. बाटलीत निशाणापर्यंत कूलंट आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं मी पुष्कळदा पाहिलंय. झाकणाचा रबर कडक झाला की पाणी बाटलीत जातं, पण परत ओढलं जात नाही.

आणि थंड म्हणजे खरंच थंड. माझ्या डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग तू लहानपणापासून बघतोयस. मी एकोणीस वर्षांचा होतो. कस्टमरला घाई होती, मी फडकं टाकून झाकण फिरवलं. आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, तरी दाबामुळे उकळत नाही. झाकण सैल होऊन दाब सुटला की ते सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. फडकं कुठल्या कुठे उडालं. तोंड वळवलं म्हणून डोळे वाचले. वरचा होज पाईप बोटांनी दाबून बघायचा. टणक लागला तर आत दाब आहे, हात मागे. मऊ पडला, हाताला सोसवतो, मगच झाकण. कस्टमर कितीही ओरडो. पाच मिनिटं वाचवायला गॅरेजमधल्या कोणत्याही पोराने तापलेलं झाकण उघडलं, तर ती चूक मी तुझी समजेन.

पाणी ठीक आहे. आता पंखा. चावी काढ आणि खिशात ठेव. मोटरचा कपलर काढ. कित्येक गाड्यांत चावी बंद असली तरी गरम इंजिनाचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून कपलर निघेपर्यंत बोटं पात्यात घालायची नाहीत. मग हाताने पातं फिरव. हलकं फिरलं पाहिजे. खरखर लागली, अडकलं, किंवा पातं पुढेमागे हललं तर बुश गेलाय. पातं तुटलंय का, कडेला घासल्याच्या खुणा आहेत का, तेही बघ.

त्यानंतर बॅटरीपासून दोन वायरी आणून मोटरला थेट लाईन दे. मधे फ्यूज असलेली वायर वापर, मी बनवून ठेवलीय. पंखा जोरात फिरला तर मोटर जिवंत आहे, तिला हात लावू नकोस. नाही फिरला, तर हातोडीच्या लाकडी मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच ठोक. ठोकल्यावर फिरला, तर आतले कार्बन झिजलेत. ती मोटर आज चालेल, उद्या चालेल, आणि परवा खंडाळ्यात थांबेल. ठोकून चालू करून गाडी परत द्यायची नाही.

मोटर ठीक निघाली की मागे मागे जायचं. मोटरकडून कपलर, कपलरकडून रिले, रिलेकडून फ्यूज, आणि शेवटी सेन्सर. पंख्यापासून सुरू करून बॅटरीकडे. पुष्कळ पोरं सेन्सरपासून सुरू करतात, कारण तो स्वस्त आणि बदलायला सोपा. मग सेन्सर बदलतात, रिले बदलतात, मोटर बदलतात, आणि दोष तारेतच राहतो.

एक गाडी सांगतो. तू तेव्हा शाळेत होतास. रविवारची संध्याकाळ, कामोठ्यातलं कुटुंब साताऱ्याहून परतत होतं. सर्कलला येऊन गाडी उकळली, टोचन लावून आपल्याकडे आणली. माणूस रडकुंडीला आला होता, कारण त्याच महिन्यात दुसऱ्या एका गॅरेजात त्याने नवी मोटर आणि नवा रिले टाकून घेतला होता. मी कपलर काढून मीटर लावला. बारा व्होल्ट दाखवले. म्हणजे लाईन येतेय, मोटर नवी आहे, तरी पंखा फिरत नाही. त्या गॅरेजवाल्यानेही हाच मीटर लावला असणार आणि हेच बारा व्होल्ट बघून मोटरला दोष दिला असणार.

मी हेडलाईटचा जुना बल्ब काढला, ५५ वॅटचा, दोन वायरी जोडल्या आणि कपलरच्या दोन पिनांना लावला. लख्ख पेटायला हवा होता. आतली तार विस्तवासारखी जेमतेम लाल झाली. तिथेच सगळं कळलं. मीटर करंट ओढतच नाही, म्हणून त्याला केसाएवढ्या जोडातूनसुद्धा पूर्ण व्होल्ट दिसतात. पंखा दहा-पंधरा अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. तो भार आला की गंजलेला जोड दम तोडतो. मग मी कपलर परत लावला, पंख्याला लाईन देऊन मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थ वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. सात दिसत होते. बारातले सात व्होल्ट अर्थच्या वायरीतच संपत होते.

ती वायर धरून मागे गेलो. डाव्या हेडलाईटच्या मागे, बॅटरीच्या ट्रेखाली, दहा नंबरचा एक बोल्ट. वरून काळा, धुळीचा थर. सोडवला तर खालचा थिंबळा हिरवागार, बोटाने चोळलं तर पूड पडली. पत्र्यावरही तांबूस गंजाचा गोल. पॉलिश पेपरने पत्रा घासला, आतली चांदी दिसेपर्यंत. नवा थिंबळा दाबला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन चोपडलं. बल्ब पुन्हा लावला तर डोळे दिपले. पंखा लागला तेव्हा त्या माणसाचा मुलगा दचकून मागे सरला, एवढा आवाज आला. त्यांनी महिनाभर तो आवाज ऐकलाच नव्हता. मी फक्त मजुरी घेतली.

खाडीचं खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि रस्त्यावर साचणारं पाणी, यामुळे आपल्या भागात अर्थचे बोल्ट लवकर खराब होतात. २६ जुलै २००५ ला कळंबोलीत पाणी भरलं, त्यानंतर पुढची दोन वर्षं मी गाड्यांचे हिरवे झालेले कपलर साफ करत होतो. बाहेरून सुकलेली गाडी आतल्या वायरीत पाणी धरून ठेवते. आजही कोणाची गाडी पावसात बंपरपर्यंत पाण्यातून गेली असेल तर पंख्याचा कपलर उघडून बघायला सांग, तापायची वाट बघू नकोस. आणि बल्ब वापरत जा. मीटर ठेव, पण शेवटचा शब्द बल्बचा.

फ्यूजचं थोडक्यात. तो डोळ्यांनी तपासायचा नाही, दोन्ही पायांवर लाईन येते का ते बघायचं. फ्यूज उडालेला असेल तर एकदा त्याच अँपिअरचा नवा घाल. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून उघडी पडलीय. मोठा फ्यूज घालणं म्हणजे गाडीला आग लावणं, यावर मला वाद नको. फ्यूजचे पाय किंवा खाच वितळल्यासारखी दिसली तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही, तो पॉईंटच सैल झालाय.

रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा रिले तिथे लावून बघणं. "टिक" आवाज आला म्हणजे रिले ठीक, असं समजू नकोस. टिक हा कॉईलचा आवाज, आतले पॉईंट जळलेले असू शकतात. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना वायरीने जोडल्या की पंखा फिरला पाहिजे. फिरला तर पुढची लाईन, अर्थ आणि मोटर सगळं ठीक, आणि दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्यात. ३० नंबरला चावी बंद असतानाही लाईन असते, तेव्हा हात सांभाळून.

हुकूम देणारा जुन्या गाड्यांत रेडिएटरवरचा दोन वायरींचा स्विच असतो. त्याचा कपलर काढून दोन वायरी जोड, पंखा लागला तर स्विच गेला. नव्या गाड्यांत सेन्सर फक्त तापमान सांगतो आणि पंखा लावायचं काम कॉम्प्युटर करतो. तिथे इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर घाबरून पंखा लगेच चालू करतो. तसं झालं तर वायरिंग, रिले, मोटर सगळं पास. दोन स्पीडचा पंखा असेल तर हळू स्पीडचा रेझिस्टर जळालाय का बघ. अशा गाडीचा काटा आधी वर जातो, मग पंखा एकदम वादळासारखा सुटतो आणि काटा खाली येतो, पुन्हा वर जातो. कस्टमर सांगेल, "पंखा तर लागतो हो." लागतो, पण उशिरा लागतो. साधारण पंचाण्णव अंशांच्या आसपास पंखा सुरू व्हायला हवा आणि पाच-सात अंश उतरल्यावर बंद. गाडीगणिक थोडा फरक असतो. आणि गरम गाडीत एसी लावला की पंखा थोड्या वेळात लागलाच पाहिजे.

पंखा फिरतोय म्हणून गाडी देऊन टाकू नकोस. बाजारातली मोटर लावताना वायरी उलट झाल्या तर पंखा उलटा फिरतो, हवा आत ओढायच्या ऐवजी पुढे फेकतो. उभ्या गाडीत थोडंफार गार होतं, आणि पळताना समोरचा वारा आणि पंखा एकमेकांशी भांडतात. जाळीपुढे वहीचा कागद धर. चिकटून बसला पाहिजे. उडाला तर वायरी बदल. कागद चिकटतोय पण ढिला, तर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली फट बघ. तिथे किडे, माती, धूळ यांची गादी तयार होते, बाहेरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली की जाळीच्या पापण्या मिटतात आणि रेडिएटर कायमचा अर्धा होतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काउल कोणी काढून ठेवलं असेल तर परत बसव. ते नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे तसेच तापत राहतात. एका गाडीच्या जाळीपुढे तर नुसती प्लास्टिकची पिशवी अडकलेली होती.

सुमो, बोलेरो, आणि लोखंड बाजारातले ट्रक यांचं वेगळं. त्यांत इंजिनावरच पंखा असतो आणि मधे व्हिस्कस कपलिंग. थंड असताना हाताने फिरवलं की थोडं सैल, गाडी गरम करून बंद केल्यावर फिरवलं की जड लागायला हवं. गरम असूनही पंखा हाताने गरागरा फिरत राहिला, किंवा कपलिंगच्या तोंडाशी तेल ओघळलेलं दिसलं, तर ते संपलं. इंजिन बंद, चावी ड्रायव्हरकडून मागून घेतलेली, मगच हात.

आता एक गोष्ट जी आपल्या धंद्यात सर्रास चालते आणि मला मुळीच मान्य नाही. पंखा "डायरेक्ट" करून देणं. चावीबरोबर पंखा कायम चालू, दोनशे रुपये, कस्टमर खूश. अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला मीही कित्येकदा डायरेक्ट केलाय, मधे फ्यूज घालून. पण ती रात्रीपुरती सोय. कायमचा डायरेक्ट पंखा मोटर लवकर संपवतो, बॅटरीवर भार टाकतो, आणि खरा दोष झाकून ठेवतो. मोटर एक दिवस बंद पडते आणि कोणाला कळत नाही. डायरेक्ट केलास तर बिलावर लाल शाईने लिही आणि दोन दिवसांत गाडी परत बोलाव. तसंच "थर्मोस्टॅट वॉल काढून टाक" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. वॉल काढलेलं इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि आतून झिजतं. वॉल खराब असेल तर नवा घाल. नळाचं पाणीही नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढ. ते गोड असतं आणि विषारी. आपल्या दारातली कुत्री चाटतात.

शेवटी फोनचं. एक्स्प्रेस-वेवरून लोक घाबरून फोन करतात, तेव्हा निदान सांगत बसू नकोस, क्रमाने बोल. एसी बंद करा. काचा उघडा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात. मे महिन्यात हे ऐकून माणसाला वाटतं याचं डोकं फिरलंय, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तो गाडीत आणतो आणि चार किलोमीटर निभावून नेतो. रस्ता मोकळा असेल तर बेताच्या वेगाने चालत राहा, वारा मिळेल. लाल दिवा लागला किंवा काटा लालमध्ये गेला, तर डावीकडच्या पट्टीवर घ्या आणि इंजिन बंद. एक किलोमीटरही पुढे नाही. हेड अॅल्युमिनियमचं असतं, वाकायला दोन मिनिटं पुरतात, आणि जिथे काही हजारांत भागलं असतं तिथे इंजिन उतरवावं लागतं. हल्ली कित्येक गाड्यांना काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे थंड, लाल म्हणजे थांबा, मधे काहीच सांगत नाही. म्हणून लाल दिसल्यावर विचार करायला वेळ उरलेला नसतो. माणसं आधी उतरवायची, कठड्यापलीकडे डाव्या बाजूला उभी करायची, मागे त्रिकोण ठेवायचा. गाडीतच बसून राहू नका, हे दोनदा सांग. मदत लागली तर ११२. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

तर कालच्या गाडीचं. मोटर अजून मागवू नकोस. सकाळी त्या माणसाला फोन करून विचार, तापली तेव्हा गाडी उभी होती की पळत होती, आणि त्या आधी एसी कोमट झाला होता का. मग थंड गाडीचं पाणी बघ, मोटरला थेट लाईन देऊन बघ, आणि बल्ब लाव. डाव्या हेडलाईटमागचा बोल्ट विसरू नकोस. माझा तो ५५ वॅटचा बल्ब काउंटरच्या दुसऱ्या खणात, निळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. फ्यूजवाली वायर त्याच्याच खाली आहे.